निगा आणि शुश्रूषा : बुलढाणा जिल्ह्यातील आश्रयसंस्था व त्यांच्या मूल्यमापनाची परिभाषा

अनाथ, वृद्ध, व्याधिग्रस्त किंवा निराधार मनुष्यास कुटुंबाबाहेर आश्रय देणारी संस्था नीट चालली आहे किंवा नाही, हे कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या शब्दांत ठरवावे, हा प्रश्न सामान्यतः कायद्याचा अथवा समाजशास्त्राचा समजला जातो. तो तसा आहेच. परंतु त्यास भाषेचीही एक बाजू आहे व तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. संस्थेविषयी मत देताना तपासनीस जे शब्द योजतो ते त्याने स्वतः घडविलेले नसतात. मागील कारभाराकडून ते त्याच्या हाती आलेले असतात. काय पाहावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, हे बऱ्याच अंशी त्या शब्दांनीच आधी ठरवून ठेवलेले असते. या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास विशेष उपयोगी आहे, कारण या जिल्ह्यात कारभाराच्या भाषेचे थर एकावर एक स्पष्टपणे साचलेले आढळतात.

सन १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि तेथील कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चालू लागला. १९०३ साली हा मुलूख मध्यप्रांतास जोडण्यात आला. १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून निघून बुलढाण्यात आले. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. म्हणजे फारसीमिश्रित मराठी, इंग्रजी, नागपूरची हिंदी-मराठी द्विभाषिक राजवट, डॉ. रघुवीर यांच्या धर्तीची संस्कृतनिष्ठ परिभाषा आणि अखेरीस महाराष्ट्र शासनाचे पदनामकोश, अशा पाच अवस्थांतून येथील दप्तर गेले. आश्रयसंस्थांविषयीची शब्दसंपत्ती या पाचही अवस्थांची मिळून झालेली आहे.

या सर्वांच्या पूर्वीची अवस्था जिल्ह्यात दगडांत शिल्लक आहे. मेहकर येथे धर्मशाळा म्हणून ओळखली जाणारी हेमाडपंती बांधणीची एक जुनी वास्तू आहे. मेहकर व लोणार ही दोन्ही गावे लीळाचरित्रात येतात, आणि फिरस्त्या विरक्तांना गावोगाव आसरा व अन्न कसे मिळे याचे जिवंत चित्र त्या ग्रंथातून उभे राहते. धर्मशाळा, मठ, सदावर्त, अन्नछत्र या सर्व संस्थांचे एक लक्षण मात्र ध्यानात घ्यावयास हवे : त्या मुख्यतः वाटसरूसाठी होत्या. ‘अन्नछत्र’ यातील छत्र म्हणजे मुळात संस्कृत ‘सत्र’. छत्रीशी त्याचा संबंध लोकव्युत्पत्तीने जोडला. सत्रात जेवणारा आज येई व उद्या जाई. त्याची व्यवस्था चांगली झाली तर लोक म्हणत, ‘बडदास्त उत्तम ठेवली.’ फारसी ‘बरदाश्त’ म्हणजे उचलून धरणे, सोसणे. हिंदीत सोसण्याचा अर्थ टिकला. मराठीत पाहुण्याचा भार आनंदाने उचलण्याचा अर्थ रूढ झाला. जो मनुष्य मरेपर्यंत जाणारच नाही, त्याच्यासाठी मात्र या शब्दसंग्रहात काही नव्हते. त्याचे ओझे कुटुंबाने, भाऊबंदांनी अथवा गावाने वाहावयाचे असे गृहीत होते, आणि ते नेहमी वाहिले जात होते असे समजणे भाबडेपणाचे होईल.

कायम राहणाऱ्या निराधारांचा प्रश्न सरकारी दप्तरात मोठ्या प्रमाणावर प्रथम आला तो दुष्काळात. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी वऱ्हाड होरपळून निघाले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे दुष्काळी कायदेसंग्रह तयार झाले होते त्यांत, कामावर जाण्यास असमर्थ व घरदार नसलेल्या लोकांसाठी ‘पुअर हाउस’ काढण्याची तरतूद होती. त्यात अधीक्षक असावा, हजेरीपट असावा, शिजवलेल्या अन्नाचे माप ठरलेले असावे, आजाऱ्यांसाठी वेगळी जागा असावी आणि वरच्या अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासणी करावी, अशी ही योजना होती. कागदावर ती वाईट नव्हती. तरीही लोक या घरांना भीत, आणि अगदी निरुपाय झाल्यावाचून तेथे जात नसत. परिणामी जे दाखल होत ते बहुधा मरणाच्या दारात पोहोचलेले असत, व घरातील मृत्यूंची संख्या फुगे. आता ही संख्या पाहून संस्थेचा कारभार वाईट म्हणावा, की उशिरा आलेल्यांच्या स्थितीस बोल लावावा? आकडा खरा असूनही त्याने कारभाराचा निवाडा होत नाही, ही अडचण तेव्हाच दिसून आली होती. लोक तेथे येण्यास का भितात, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवण्यासाठी मात्र हजेरीपटात जागा नव्हती.

याच काळात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात फिरून दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया केडगावास नेल्या, आणि पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. कर्व्यांच्या संस्थेने जमाखर्च व वार्षिक अहवाल छापून लोकांपुढे ठेवण्याची चोख शिस्त घालून दिली, हे खाजगी लोकसंस्थांच्या इतिहासातील महत्त्वाचे पाऊल होय. परंतु हा अहवाल देणगीदारास उद्देशून होता. आपला पैसा योग्य ठिकाणी खर्च झाला काय, हा देणाऱ्याचा प्रश्न. घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो.

कायद्याने तपासणीस निश्चित रूप दिले ते वेड्यांच्या इस्पितळांच्या बाबतीत. विदर्भातील असे प्रमुख इस्पितळ नागपूरचे. ते १८६४ मध्ये स्थापन झाले. १९१२ च्या भारतीय लुनसी अ‍ॅक्टान्वये प्रत्येक इस्पितळावर निदान तीन अभ्यागत नेमावयाचे होते. त्यांपैकी दोघांनी किंवा अधिकांनी, ज्यांत एक वैद्यकीय अधिकारी असेल, महिन्यातून एकदा तरी इस्पितळाचा प्रत्येक भाग तपासावा, प्रत्येक रुग्णास शक्य तितके पाहावे व परीक्षावे, आणि व्यवस्थेविषयी जे योग्य वाटेल ते त्यासाठी ठेवलेल्या पुस्तकात नोंदवावे, असा नियम होता. मराठी मुलखात आजही प्रत्येक शाळेत, दवाखान्यात व वसतिगृहात जे ‘शेरेबुक’ असते, ते याच प्रथेचे अपत्य. शेरा हा शब्द अरबी ‘शरह’, म्हणजे भाष्य, टीप, यावरून आला. मूळ ग्रंथ असेल तरच भाष्य संभवते. शेरेबुकात मात्र भाष्य तेवढे राहते. ज्यावर ते केले त्या माणसाचे म्हणणे कोठेच लिहिलेले नसते.

आता या सर्व परंपरेतील शब्द एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते व ती योगायोगाची वाटत नाही. ‘निगा’ हा घरगुती वाटणारा शब्द फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर, यापासून झाला. ‘निगराणी’ त्याच कुळातला. ‘देखरेख’ व ‘पाहणी’ यांचा अर्थ उघड आहे. संस्कृतनिष्ठ परिभाषा आली तेव्हा शब्द बदलले, इंद्रिय बदलले नाही : अधीक्षक, निरीक्षक, पर्यवेक्षक, परिवीक्षा अधिकारी, परीक्षण, सर्वेक्षण, ही सारी ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, या एकाच धातूची संतती. संस्थेचा सर्व अधिकारीवर्ग पाहणाऱ्यांचा आहे. आणि त्याच धातूपासून ‘उपेक्षा’ हा शब्द होतो, हे विसरता येत नाही. उपेक्षा म्हणजे न पाहणे नव्हे. पाहून बाजूला टाकणे. ज्या संस्थांचा कारभार पुढे लाजिरवाणा ठरला, त्या तपासल्या गेल्या नव्हत्या असे क्वचितच घडले आहे.

इंग्रजीतील ‘ऑडिट’ या शब्दाचा इतिहास येथे बोधप्रद आहे. तो लॅटिनमधील ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूवरून आला. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवीत व अधिकारी ते ऐकत. मराठीने त्याचे ‘लेखापरीक्षण’ केले, आणि ऐकणे जाऊन पुन्हा पाहणे आले. अलीकडे ‘सोशल ऑडिट’साठी ‘सामाजिक अंकेक्षण’ हा शब्द योजतात. त्यात तर अंकच पाहावयाचे आहेत. न्यायालयाच्या संदर्भात ऐकण्याचा शब्द लागला तेव्हा मराठीस तो हिंदीकडून ‘सुनावणी’ म्हणून घ्यावा लागला.

मराठीत ऐकण्याचा शब्द नाही काय? आहे, व तो नेमका याच क्षेत्रातला आहे. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूचे इच्छार्थक रूप. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यास ‘शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम’ असे मराठी नाव आहे. म्हणजे ‘नर्सिंग होम’ला मराठीत अक्षरशः ‘ऐकण्याच्या इच्छेचे घर’ म्हटले गेले. अर्थात या शब्दाचा पूर्वेतिहास निर्मळ नाही. धर्मशास्त्रात शुश्रूषा ही शिष्याने गुरूची, पत्नीने पतीची आणि शूद्राने वरिष्ठ वर्णांची करावयाची. ऐकावयाचे ते खालच्याने, आज्ञा म्हणून. बोलणारा अंथरुणावर व ऐकणारा अधिकारावर, अशी उलट रचना आधुनिक रुग्णसेवेने मनाशी धरली. पण शब्दाची जुनी सवय सुटण्यास वेळ लागतो.

संस्थांच्या नावांतही हा फेरबदल दिसतो. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात पुण्यात उभे राहिलेले ‘अनाथ पंगू गृह’ आज ‘निवारा’ म्हणून परिचित आहे. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी संस्था काढली तिचे नाव ‘जगदंबा कुष्ठनिवास’, व स्थळाचे ‘तपोवन’. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द जरा चमत्कारिक आहे. आश्रम हा शब्द ‘श्रम्’ धातूचा, आश्रय ‘श्रि’ धातूचा. बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही एक झाले आहेत. शिवाय वानप्रस्थ हा आश्रम मनुष्य स्वेच्छेने स्वीकारी, वृद्धाश्रमात बहुधा त्यास नेऊन ठेवतात. आणि तेथे राहणाऱ्यास काय म्हणावे? शासकीय मराठीत ‘अंतेवासी’ हा शब्द आहे, जो मुळात गुरूजवळ राहणाऱ्या शिष्याचा. बालगृहांत ‘प्रवेशित’ म्हणतात, म्हणजे ज्यास आत घेतले तो. ज्याने प्रवेश केला तो नव्हे. या कर्मणि धातुसाधिताने बरेच सांगून टाकले आहे.

अहवालांची वाक्यरचना याच दिशेची आहे. ‘वृद्धांना वेळेवर आंघोळ घालण्यात येते’, ‘आहार दिला जातो’, ‘करमणुकीची सोय करण्यात आलेली आहे’. सरकारी गद्यात दृढ झालेल्या या रचनेत कर्ता नाहीसा होतो. आंघोळ कोण घालते, पाणी ऊन असते काय, स्त्रियांना स्त्रीच आंघोळ घालते काय, हे प्रश्न व्याकरणानेच मिटविले. नकाराची वाक्येही तशीच : ‘तक्रार आढळून आली नाही.’ तक्रार ही आढळण्याची वस्तू नसून सांगण्याची आहे, हे या वाक्यात कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात या संदर्भात शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचा विचार करावा लागतो. महाराजांच्या हयातीतच, १२ सप्टेंबर १९०८ रोजी, विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्यापूर्वी तीनच वर्षे शेगावचा प्रदेश बुलढाण्यात आला होता. कै. शिवशंकरभाऊ पाटील (मृत्यू २०२१) यांच्या व्यवस्थापनाखाली या संस्थानाच्या शिस्तीची कीर्ती सर्वदूर झाली. सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनावेतन काम करतात. भक्तनिवासांची स्वच्छता, रांगांची व प्रसादाची व्यवस्था हा कौतुकाचा विषय आहे व ते कौतुक सार्थ आहे. पण हे मेहकरच्या धर्मशाळेच्या परंपरेचेच उत्कृष्ट रूप होय. त्याची पारख करणारा यात्रेकरू दोन दिवस राहून आपल्या पायांनी जातो आणि गावोगाव सांगतो. ज्याची व्यवस्था होते तोच येथे परीक्षक आहे. कायम निवासाच्या संस्थेत ही सोय नसते. म्हणून शेगावची स्वच्छता व टापटीप हेच आदर्श माप समजून वृद्धाश्रमास किंवा मनोरुग्णांच्या घरास लावणे पुरेसे नाही. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळसारख्या ठिकाणी बेघर मनोरुग्णांसाठी चालणाऱ्या घराची पारख यात्रेकरूच्या नजरेने होणार नाही. टापटीप ही पाहुण्याच्या लगेच नजरेत भरते. रात्री दोन वाजता हाक मारली तर कोणी येते काय, हे दिवसा भेट देणाऱ्यास कळावे कसे?

इतर देशांतही हा प्रश्न याच क्रमाने पुढे आला. इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड यांनी वृद्धांच्या संस्थांची पाहणी करून १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १७३ संस्थांना भेटी दिलेल्या असून रहिवाशांच्या मुलाखतींना मोठे स्थान आहे. १९६६ मध्ये आव्हेदिस डोनाबेदियन यांनी वैद्यकीय सेवेच्या दर्जाचे तीन अंगांनी परीक्षण सुचविले : साधने, कार्यपद्धती व फलित. इमारत आणि खाटा मोजणे सोपे म्हणून तपासणी पहिल्या अंगापाशीच थांबते, हे त्या विभागणीवरून स्पष्ट होते. महाराष्ट्र शासनाची वृद्धाश्रम अनुदान योजना १९६३ ची, मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ ची. २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांसाठी एक तरी वृद्धाश्रम असावा अशी तरतूद केली आणि दर्जाची मानके ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. १५० हा आकडा सर्वांच्या लक्षात राहिला.

ऐकण्याची उणीव किती महाग पडते, हे जिल्ह्याने २०१६ मध्ये अनुभवले. खामगाव तालुक्यातील पाळा येथील निवासी आश्रमशाळेत आदिवासी विद्यार्थिनींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे प्रकरण त्या वर्षी नोव्हेंबरात उघडकीस आले. अनेकांना अटक झाली व राज्यभर संताप उसळला. आश्रमशाळा म्हणजे वृद्धाश्रम नव्हे हे खरे; परंतु चोवीस तास दुसऱ्याच्या स्वाधीन असलेल्या माणसांची ती संस्था, म्हणून प्रश्न तोच. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे प्रकरण तपासणीतून बाहेर आले नाही. दिवाळीच्या सुटीत मुली घरी गेल्या, आणि घरच्या माणसांजवळ बोलल्या. ऐकणारा भेटला तो घरी.

दोन वर्षांनी बिहारमध्ये याचीच दुसरी बाजू दिसली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने त्या राज्यातील आश्रयगृहांचे सामाजिक अंकेक्षण करून २०१८ मध्ये अहवाल दिला, आणि मुझफ्फरपूर येथील बालिकागृहातील अत्याचार त्यातून प्रकाशात आले. त्या गृहाकडे सरकारी अधिकाऱ्यांचे येणेजाणे होतेच. पुढे २०२० मध्ये जे दोषी ठरले त्यांत मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेले पदाधिकारीही होते. अंकेक्षणाच्या गटाजवळ मोठी साधने नव्हती. त्याने मुलींशी बोलण्यास वेळ दिला होता.

अलीकडचे कायदे या दिशेने वळले आहेत. बालन्याय अधिनियम २०१५ खालील नियमांत संस्थेतील मुलांच्या समित्या व त्यांच्या सूचनांसाठी पेटी यांची तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये रुग्णाचे हक्क सविस्तर सांगितले असून, सेवेतील उणिवांबद्दल तक्रार करण्याचा हक्क त्यांत समाविष्ट आहे. तथापि पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्यास लिहिता आले पाहिजे, व तक्रार ज्या बोलीत होईल ती ऐकणाऱ्यास कळली पाहिजे.

येथे जिल्ह्याचा भाषिक नकाशा आड येतो. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर या भागाची बोली आणि घाटाखालच्या मलकापूर, खामगाव, जळगाव या भागाची वऱ्हाडी यांत फरक आहे. ‘मले रातच्याले पानी देत नाई’ असे एखाद्या म्हातारीने म्हटले, तर त्याचे अहवालात ‘रात्रीच्या पाणीपुरवठ्याबाबत सुधारणेस वाव आहे’ असे रूपांतर होण्यास फारसा वेळ लागत नाही. पहिल्या वाक्यात तहानलेली व्यक्ती आहे व न देणारा कोणी आहे. दुसऱ्यात दोघेही नाहीत. असे वाक्य बोलीतच, जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत उतरवून घेणे हे लोकभाषेच्या संशोधकाचे नेहमीचे काम आहे, आणि तपासनिसास ते शिकविता येणार नाही असे नाही.

याहून कठीण स्थिती सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जळगाव जामोद तालुक्यात कोरकू व निहाली बोलणाऱ्यांची वस्ती आहे. निहालीचे कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते सिद्ध झालेले नाही; क्वीपर यांचा तिच्यावरील ग्रंथ १९६२ चा. तिचे भाषक अवघे दोन-अडीच हजार मानले जातात. ते बहुधा द्विभाषिक असतात खरे, परंतु वार्धक्यात स्मृती ढासळू लागली की मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते, असे अनेकदा आढळते. निहाली मातृभाषा असलेला असा एखादा वृद्ध जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात दाखल झाला, तर त्याचे नाव, वय, वजन व खाटेचा क्रमांक लिहिला जाईल. त्याची भाषा कोणती आणि ती जाणणारा मनुष्य कोठे सापडेल, हे दाखल करतानाच लिहून घ्यावयास हवे. नंतर ते त्याच्याकडून कळणार नाही.